एकाच दवाखान्यात दोन ‘पॉझिटिव्ह’

सरकारी रुग्णालयातल्या, एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी सेंटरबाहेरच्या बाकावर ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाला वर्षानुवर्षं एकच अर्थ होता, आणि तो हळू आवाजात बोलायचा होता. मार्च २०२० नंतर तोच शब्द टीव्हीवर रोज संध्याकाळी आकड्यांसकट यायला लागला. ज्यांनी तो पंधरा वर्षं सख्ख्या भावापासून लपवला, त्यांच्या शेजारची मंडळी गॅलरीतून सांगायला लागली, “आमच्याकडे तिघं पॉझिटिव्ह निघाले हो!”

शब्द एक झाला आणि गोंधळ सुरू झाला. एचआयव्हीवर उपचार घेणाऱ्याला चाचण्यांची भाषा इतरांपेक्षा चांगली येते. गेल्या खेपेला सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) किती होता, व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) किती होता, हे त्याला स्वतःच्या फोन नंबरासारखं पाठ असतं. आणि नेमकी म्हणूनच कोरोनाची चाचणी त्याला जास्त चकवते. “अँटीबॉडी निघाल्या, म्हणजे हाही विषाणू आता जन्मभर अंगात राहणार का?” हा प्रश्न भाबडा नाही. एचआयव्हीच्या हिशेबाने तो अगदी तर्काला धरून आहे. कोरोनाच्या हिशेबाने चूक आहे. कोरोनाचा नवा उपप्रकार बातम्यांत आला की हे प्रश्न पुन्हा डोकं वर काढतात, म्हणून एकदा मुळापासून पाहू.

(एआरटी म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी, रोज आणि आयुष्यभर घ्यायची औषधं. आपल्याकडे ती सरकारतर्फे मोफत मिळायला लागली १ एप्रिल २००४ पासून. सुरुवातीच्या आठ केंद्रांपैकी एक मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं.)

वॉचमनची वही आणि दारावरची थाप

शरीर म्हणजे एक हाउसिंग सोसायटी समजा. कुणी परका आत शिरलाय का, हे शोधायचे दोन मार्ग. एक, थेट वर जाऊन दारं वाजवायची आणि माणूस आत्ता आहे का ते बघायचं. दोन, गेटवरच्या वॉचमनची वही चाळायची.

दारं वाजवणं म्हणजे आरटी-पीसीआर. नाकातून-घशातून स्वॅब घेतात आणि त्यात विषाणूच्या जनुकीय साखळीचा तुकडा सापडतो का ते पाहतात. तुकडा इतका सूक्ष्म असतो की यंत्र आधी त्याच्या प्रती काढतं. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. दहा फेऱ्यांत हजारावर, तीस फेऱ्यांत शंभर कोटींवर. कितव्या फेरीला तुकडा दिसायला लागला, तो आकडा म्हणजे रिपोर्टवरची ‘सीटी व्हॅल्यू’. लवकर दिसला तर स्वॅबमध्ये विषाणू भरपूर, उशिरा दिसला तर थोडा. पण नाकात कांडी नीट फिरवली नाही तरी हा आकडा बदलतो, त्यामुळे ‘तुझा सीटी किती’ म्हणून शेजाऱ्याशी बरोबरी करण्यात अर्थ नव्हता. लोकांनी ती केलीच.

यातली मेख अशी की यंत्राला तुकडा दिसतो, तो जिवंत विषाणूचा की मेलेल्याचा हे त्याला कळत नाही. पाहुणा गेला, चप्पल दारात राहिली, तरी थाप मारणारा म्हणणार, “कुणीतरी आहे.” म्हणून बरा झालेला माणूसही पुढे काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतो.

अँटिजेन चाचणी हीसुद्धा दारावरची थापच, फक्त घाईतली. पंधरा-वीस मिनिटांत उत्तर मिळतं, पण आत कुणी दबा धरून बसला असेल तर निसटतो. लक्षणं असून अँटिजेन निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर करा, हा नियम त्यासाठीच होता.

वॉचमनची वही म्हणजे अँटीबॉडी चाचणी. विषाणू शिरला की शरीर त्याला ओळखणारी प्रथिनं बनवतं, ती अँटीबॉडी. रक्तात ती सापडली तर कधीतरी नोंद झाली होती, एवढंच कळतं. मे २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने ‘कोविड कवच’ नावाची अशी चाचणी तयार केली, ती याच वहीची. एक गोष्ट मात्र आहे, वॉचमन नोंद लगेच करत नाही. आठवडा-दोन आठवडे घेतो. एचआयव्हीच्या चाचणीतला ‘विंडो पिरियड’ तो हाच.

तीच वही, अर्थ उलटा

कोरोनाचा विषाणू पाहुणा आहे. येतो, त्रास देतो, बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत जातो. वहीत नाव राहतं. एचआयव्ही मात्र कधीही जागा न सोडणारा भाडेकरू आहे. त्याचं नाव एकदा वहीत आलं की तो आत आहेच. म्हणून एचआयव्हीच्या निदानाला वही पुरते. वेगवेगळ्या बनावटीच्या तीन चाचण्यांत नोंद सापडली की निदान पक्कं. कोरोनात याच प्रकारच्या चाचणीचा अर्थ होतो, येऊन गेला. आत्ता आहे की नाही, याबद्दल ती काहीच सांगत नाही.

थाप मारण्याच्या चाचणीतही असाच उलटा प्रकार. एआरटी नियमित घेणाऱ्याचा व्हायरल लोड ‘अनडिटेक्टेबल’ येतो. विषाणू गेलेला नसतो. भाडेकरू आतल्या खोलीत कुलूपबंद असतो, रक्तात चाचणीला सापडण्याइतका फिरत नाही, जोडीदाराला लैंगिक संबंधांतून लागणही होत नाही. पण गोळ्या थांबवल्या की कुलूप निघतं. कोरोनात आरटी-पीसीआर निगेटिव्ह आली, लक्षणं संपली, की पाहुणा गेला म्हणायला हरकत नाही.

समुपदेशकांनी ही अदलाबदल बाकावर बसलेल्यांना निवांत समजावून सांगायला हवी होती. पण त्या महिन्यांत निवांत असं काही नव्हतंच.

वॉचमन थकलेला असेल तर?

सीडी४ या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, गेटवरच्या सगळ्या पहारेकऱ्यांच्या मुकादम. एचआयव्ही नेमका त्यांनाच गाठतो. निरोगी माणसात त्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये साधारण ५०० ते १५०० असतात. २०० च्या खाली गेल्या की आजार पुढच्या टप्प्यावर गेला असं धरतात. मुकादमच नसेल तर वॉचमन पाहुण्याची नोंद करायला विसरतो. म्हणजे सीडी४ फार कमी असलेल्या माणसाला कोरोना होऊन गेला, तरी अँटीबॉडी चाचणी कोरी येऊ शकते.

उलटंही घडतं. उपचार न घेतलेल्या एचआयव्हीत प्रतिकारयंत्रणा सतत खवळलेली असते आणि नाना प्रकारच्या अँटीबॉडी नुसत्या भारंभार तयार करते. असा वॉचमन रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहितो. त्यातून कोरोनाचा खोटा पॉझिटिव्ह निघण्याची शक्यता वाढते. उपचार नीट चालू असलेल्यांत या दोन्ही अडचणी बऱ्याच कमी होतात.

थाप मारण्याच्या चाचणीला मात्र थकलेल्या वॉचमनने फरक पडत नाही. उलट अशा घरात पाहुणा महिनोन्‌महिने सापडू शकतो. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्या ३०० जणांच्या अभ्यासात ३६ वर्षांची एक बाई होती. एआरटी चालू होती, पण विषाणू काबूत नव्हता. तिच्या अंगात कोरोनाचा विषाणू २१६ दिवस राहिला आणि तेवढ्या काळात त्याच्यात तीसहून अधिक बदल झाले. बाई फारशी आजारीही नव्हती. अभ्यासात नसती तर कुणाला कळलंही नसतं. पुढे औषधं बदलून तिचा एचआयव्ही ताब्यात आला आणि मग कोरोनाही गेला.

ही बातमी जगभर ज्या सुरात सांगितली गेली तो सूर मला खटकला होता. जणू नवे उपप्रकार या लोकांच्या अंगातच शिजतात. असा लांबलेला संसर्ग कर्करोगावर उपचार घेणाऱ्यांत आणि अवयव प्रत्यारोपण झालेल्यांतही आढळला आहे. ओमायक्रॉन एचआयव्ही असलेल्या माणसातून आला, हे कुणी सिद्ध केलेलं नाही. डर्बनच्या बाईची गोष्ट खरं तर चांगल्या औषधांची गोष्ट आहे.

मग एचआयव्ही असलेल्यांना कोरोना जास्त झाला का?

इथे ‘झाला’ आणि ‘गंभीर झाला’ हे दोन प्रश्न वेगळे करायला हवेत.

सॅन फ्रान्सिस्कोत २०२० मध्ये नेहमीच्या तपासणीसाठी दिलेल्या रक्ताच्या उरलेल्या नमुन्यांत कोरोनाच्या अँटीबॉडी शोधल्या. एचआयव्ही असलेल्यांत त्या ३.७ टक्के निघाल्या आणि नसलेल्यांत ७.४ टक्के. निम्म्या! मग एचआयव्ही कोरोनापासून वाचवतो की काय? तसं नव्हे. ज्याला आपली प्रतिकारशक्ती नाजूक आहे हे ठाऊक असतं, तो मास्क लावतो, गर्दी टाळतो. शिवाय वॉचमनने नोंदच कमी केली असण्याचीही शक्यता उरते. त्याच अभ्यासात, ज्यांना लागण झाली होती त्यांच्यापैकी एचआयव्ही असलेल्यांचा आजार जास्त वेळा गंभीर झालेला दिसला.

गंभीरपणाबद्दल मोठे आकडे दक्षिण आफ्रिकेतून आले. पाऊण कोटीहून अधिक लोक तिथे एचआयव्हीसह जगतात. वेस्टर्न केप प्रांतातल्या नोंदींत एचआयव्ही असलेल्यांना कोरोनाने मृत्यू येण्याचा धोका साधारण दुप्पट आढळला. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२१ मध्ये अनेक देशांची माहिती एकत्र करून सांगितलं की रुग्णालयात दाखल झाल्यावर मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी जास्त असतो. मधुमेह, रक्तदाब असेल तर तो आणखी वाढतो.

कर्मचाऱ्यांची चाचणी कशाला?

एआरटी सेंटरमधल्या रुग्णांबरोबर तिथल्या कर्मचाऱ्यांचीही कोरोना चाचणी का करायची? पहिलं कारण उघड आहे. काउंटरवर गोळ्या देणारी फार्मासिस्ट, रक्त घेणारा टेक्निशियन, खोली बंद करून समोरासमोर बसणारी समुपदेशक, ही मंडळी दिवसभरात कितीतरी नाजूक प्रकृतीच्या माणसांना भेटतात. यांच्यापैकी एकाला लक्षणं नसलेला कोरोना असेल तर तो ओळीने सगळ्यांना वाटला जाईल.

दुसरं कारण अभ्यासकांचं. रुग्ण आणि कर्मचारी एकाच इमारतीत, एकाच पंख्याखाली बसतात, पण दोघांची घरं वेगळी. दोन्ही गटांत अँटीबॉडी सारख्याच निघाल्या, तर लागण दवाखान्यात झाली की बाहेर, याचा थोडा अंदाज बांधता येतो. थोडाच. एका दवाखान्यातल्या माणसांवरून शहराबद्दल बोलणं म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. ती चालते, पण शीत पातेल्याच्या मधलं हवं. दवाखान्यात तेच येतात ज्यांना येणं जमतं. टाळेबंदीत लोकल बंद असताना जे पोहोचू शकले नाहीत, ते या पातेल्यात नाहीतच. जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या तीन वॉर्डांत केलेल्या सर्वेक्षणात झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के आणि बाहेर सुमारे १६ टक्के लोकांत अँटीबॉडी सापडल्या होत्या. एकाच वॉर्डात रस्त्याच्या दोन बाजूंना इतका फरक, तर दवाखान्यातला आकडा कुठल्या बाजूच्या लोकांचा आहे हे आधी विचारायला नको का?

आणि लस आल्यानंतर वही आणखी गढूळ झाली. लस म्हणजे सोसायटीच्या कमिटीने वॉचमनला आधीच फोटो देऊन ठेवणं. पाहुणा न येताच वहीत नाव. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२१ च्या जून-जुलैमधल्या देशव्यापी सर्वेक्षणात सर्वसामान्यांत ६७.६ टक्के आणि आरोग्य कर्मचाऱ्यांत ८५.२ टक्के लोकांत अँटीबॉडी होत्या. यावरून ‘कर्मचाऱ्यांना जास्त लागण झाली’ म्हणणं चूक, कारण तोवर बहुतेकांची लस झालेली होती. कोविशील्डमध्ये विषाणूच्या काट्याचाच (स्पाइक प्रथिनाचाच) नमुना असतो, त्यामुळे विषाणूच्या इतर भागांविरुद्धच्या अँटीबॉडी शोधून लस आणि लागण यांत फरक करता येतो. कोव्हॅक्सिनमध्ये अख्खा विषाणूच मारून घातलेला असतो, तिथे ही युक्तीही चालत नाही.

“पॉझिटिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह, त्यात वाद कसला?”

वाद आहे, आणि तो पाचवीच्या गणिताने सुटतो. समजा एक अँटीबॉडी चाचणी आहे. लागण झालेल्या १०० पैकी ९० जणांना ती बरोबर ओळखते. लागण न झालेल्या १०० पैकी ९८ जणांना बरोबर सोडते, दोघांना उगाच पकडते. चाचणी चांगलीच म्हणायची.

आयसीएमआरच्या पहिल्या सर्वेक्षणात, २०२० च्या मे-जूनमध्ये, देशात ०.७३ टक्के लोकांना लागण होऊन गेली असावी असा अंदाज निघाला. म्हणजे हजारात सात. आपल्या चाचणीने हजार जण तपासले तर सातांपैकी सहा सापडतील. उरलेल्या ९९३ पैकी दोन टक्के, म्हणजे वीस जण, विनाकारण पॉझिटिव्ह ठरतील. एकूण सव्वीस पॉझिटिव्ह, त्यातले खरे सहा.

तीच चाचणी २०२१ च्या जुलैत न्या. हजारात ६७६ खरे, त्यातले सहाशेवर सापडतील. खोटे पॉझिटिव्ह जेमतेम सहा-सात. यंत्र, किट, टेक्निशियन सगळं तेच. बदलली ती आजूबाजूची साथ. म्हणून साथ नसताना दवाखान्यातल्या धडधाकट पन्नास कर्मचाऱ्यांची अँटीबॉडी चाचणी करून एकाला घरी बसवणं हा शहाणपणा नव्हता. एचआयव्हीच्या निदानाला एका चाचणीवर न थांबता तीन का करतात, त्याचं उत्तरही याच हिशेबात आहे.

“कोरोना निगेटिव्ह आला, सुटलो!”

एआरटी घेणाऱ्याच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त भीती या वाक्याची वाटते.

एआरटी सेंटरमध्ये दर खेपेला चार प्रश्न विचारायचे असतात: खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम. हे क्षयरोग पकडायचे प्रश्न आहेत, कारण एचआयव्ही असलेल्याचा सर्वात मोठा वैरी टीबीच. २०२० मध्ये खोकला म्हटलं की आधी कोरोनाची कांडी नाकात जायची. निगेटिव्ह आली की माणूस घरी. पॉझिटिव्ह आली की चौदा दिवस घरी. दोन्ही बाजूंनी टीबी निसटला. देशात २०१९ मध्ये टीबीचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले होते, २०२० मध्ये सुमारे १८ लाख. आजार कमी झाला नव्हता, नोंद कमी झाली होती.

गंमत म्हणजे यंत्रं तीच होती. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट हे छोटं यंत्र टीबीसाठी बनलं. एप्रिल २०२० मध्ये आयसीएमआरने ते कोरोनासाठीही वापरायला परवानगी दिली. सीबीनॅट या टीबीच्या दुसऱ्या यंत्राचंही तसंच. एक चूल, दोन भांडी. कोरोनाचं भांडं चढलं की टीबीचं खाली. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्र सरकारने सांगितलं की कोरोनाच्या संशयिताला टीबीसाठी आणि टीबीच्या रुग्णाला कोरोनासाठी तपासा. सूचना योग्य होती, पण माणसं आणि यंत्रं तेवढीच होती.

आजही लागू असलेली गोष्ट ही: एआरटी चालू आहे आणि खोकला आहे, तर कोरोनाचा रिपोर्ट काहीही येवो, थुंकीची तपासणी स्वतःहून मागा.

“त्या गोळ्यांमुळे कोरोना होत नाही म्हणे”

ही अफवा अगदीच हवेतून आली नव्हती. लोपिनाविर-रिटोनाविर हे एचआयव्हीचं औषध साथीच्या सुरुवातीला कोरोनासाठी वापरून पाहिलं गेलं, आपल्याकडे जयपूरमध्ये दाखल झालेल्या इटालियन जोडप्यालाही दिलं. २०२० च्या मध्यापर्यंत ब्रिटनमधल्या मोठ्या औषधचाचणीत आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधचाचणीत त्याचा उपयोग नसल्याचं दिसलं आणि विषय संपला. एआरटीचा फायदा एवढाच की ती वॉचमनला जागं ठेवते. तो फायदा लहान नाही.

“कोरोनाच्या चाचणीतून माझा एचआयव्ही कळेल का?”

नाही. नाकातल्या स्वॅबवर कोरोनाचाच तुकडा शोधतात. काही मोठी यंत्रं दोन्ही कामं करू शकतात. जुलै २०२० मध्ये मुंबईत राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत बसवलेल्या चाचणी सुविधेवर पुढे एचआयव्ही, कावीळ, टीबी यांच्याही तपासण्या होऊ शकतील असं सांगितलं होतं. पण प्रत्येक तपासणीचं रसायन वेगळं, सांगितल्याशिवाय होत नाही. शिवाय २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, संमतीशिवाय एचआयव्ही चाचणी करायला आणि कुणाची स्थिती उघड करायला मनाई करतो.

दोन विषाणूंच्या चाचण्या खरोखर एकमेकींच्या पायात आल्याचं एक गाजलेलं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं. क्वीन्सलंड विद्यापीठाने बनवलेल्या कोरोनाच्या लसीत काट्याचा आकार टिकावा म्हणून एचआयव्हीच्या एका प्रथिनाचा निरुपद्रवी तुकडा चिमट्यासारखा वापरला होता. लस घेतलेल्या काहींची एचआयव्ही चाचणी खोटी पॉझिटिव्ह यायला लागली. कुणालाच एचआयव्ही झाला नव्हता, होणंही शक्य नव्हतं. तरी डिसेंबर २०२० मध्ये ती लस सोडून द्यावी लागली. लाखो लोकांच्या वहीत खोटं नाव पडलं असतं.

गुपित फुटलं ते चाचणीमुळे नाही, कागदांमुळे आणि गोळ्यांमुळे. १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधी असलेल्यांना लस मिळू लागली तेव्हा यादीत एचआयव्ही होता, पण त्यासाठी डॉक्टरचं प्रमाणपत्र लागायचं. गावच्या केंद्रावर, ओळखीच्या नर्ससमोर तो कागद कोण काढणार? अनेकांनी सरसकट लसीकरणाची वाट पाहणं पसंत केलं असेल तर त्यांना दोष कसा द्यायचा?

आणि विलगीकरण केंद्रातल्या हॉलमध्ये, वीस खाटांच्या मध्ये, रोज ठरल्या वेळी गोळी घ्यायची कशी? टाळेबंदीत अनेक ठिकाणी एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या मिळाल्या, फेऱ्या वाचल्या, ते बरंच झालं. पण तीस गोळ्यांची प्लास्टिकची बाटली पिशवीत खुळखुळते. ज्यांना सवय आहे ते लेबल खरवडतात, नाहीतर गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीत ओततात आणि वर कापसाचा बोळा दाबून बसवतात.